काळजीपूर्वक घसरा!

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला आमच्याकडे नेहमीची मंडळी जमली होती. फराळाची ताटे मांडून झाली, पहिली चकली मोडल्याचा आवाज झाला आणि आमच्या मेहुण्यांनी खिशातून फोन बाहेर काढला. हे गृहस्थ नुकतेच एका सहलीबरोबर बारा दिवसांत चीन पाहून आले होते. बारा दिवसांत चीन कसा पाहतात ते मला ठाऊक नाही. मला पर्वती पाहायला एक सकाळ लागते. ते काही असो. त्यांनी ती जगप्रसिद्ध भिंत पाहिली होती, बादशहांचा राजवाडा पाहिला होता. पण भिंतीचे एक आणि राजवाड्याची दोन छायाचित्रे भराभर सरकवून ते जे थांबले ते पाट्यांवर. ओल्या फरशीजवळची पाटी: ‘स्लिप केअरफुली’, म्हणजे काळजीपूर्वक घसरा! बागेतली पाटी: ‘डू नॉट डिस्टर्ब, टायनी ग्रास इज ड्रीमिंग’, म्हणजे त्रास देऊ नका, चिमुकले गवत स्वप्न पाहत आहे! खाणावळीच्या यादीत ‘हजबंड अँड वाइफ लंग स्लाइस’, म्हणजे साक्षात नवराबायकोच्या फुफ्फुसाचे काप!

मंडळी अशी हसली की एकाला बेसनाच्या लाडवाचा ठसका लागला, आणि त्याच्या पाठीवर थापा मारता मारता दुसऱ्यालाही लागला. मी हसलो नाही. “काय भाऊजी, विनोद कळला नाही वाटते?” मेहुणे म्हणाले. कळला होता. फार वेळा कळला होता. त्यांच्या फोनमधली निम्मी छायाचित्रे त्यांनी स्वतः काढलेलीच नव्हती; ती गेली कित्येक वर्षे या फोनमधून त्या फोनमध्ये, या पंक्तीतून त्या पंक्तीत फिरत आहेत, आणि प्रत्येक जण ती काल स्वतः पाहून आल्यासारखी दाखवतो. सौ.नी डोळ्यांनीच खूण केल्यामुळे मी त्या दिवशी गप्प बसलो. आता संपादकांनी जागा दिली आहे, आणि सौ. हे छापून आल्यावरच वाचणार आहेत. तेव्हा राहिलेले भांडण येथे पुरे करतो.

माझे म्हणणे सरळ आहे. या पाट्यांना आपण हसतो, कारण त्या कशा घडल्या हे समजून घेण्याची तसदी आपण घेत नाही. शिवाय हे हसू आपले स्वतःचेही नाही. ते उसने आहे. साहेबाच्या क्लबाबाहेर उभे राहावे आणि आतून हशा ऐकू आला की आपणही हसावे, तशातला हा प्रकार आहे. स्वतःची जीभ इंग्रजीच्या उंबऱ्यावर अडखळली म्हणून ज्यांनी शाळेत वेताची छडी खाल्ली, त्यांनीच शेजाऱ्याच्या अडखळण्याला टाळ्या पिटाव्यात, हे मला बघवत नाही.

ती घसरण्याची पाटीच घ्या. मूळ चिनी पाटीवर चार अक्षरे असतात: श्याओ-शिन-दी-ह्वा. पहिल्या दोहोंचा अर्थ ‘जपा’. शेवटच्याचा अर्थ ‘निसरडे’ किंवा ‘घसरणे’. सारा घोळ तिसऱ्यात आहे. ते अक्षर ‘दी’ असे वाचले तर त्याचा अर्थ जमीन. तेच अक्षर ‘द’ असे वाचले तर तो नुसता प्रत्यय, आपल्या ‘पूर्वक’सारखा. चिनी लिपीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही; अक्षरे एकामागून एक, पंक्तीला बसल्यासारखी बसतात. तेव्हा ‘जपा, जमीन निसरडी आहे’ आणि ‘जपूनपणे घसरा’ ही दोन्ही वाक्ये कागदावर तंतोतंत एकच दिसतात. चिनी माणसाला संशय येत नाही, कारण फरशी ओली आहे हे त्याला समोर दिसत असते. यंत्राला फरशी दिसत नाही. आपल्या मोडीतही शब्द तोडून लिहीत नसत, आणि ती वाचताना होणाऱ्या फजितीचे किस्से आपल्या आजोबांनी आपल्याला सांगितलेले आहेत. १७७३ साली शनिवारवाड्यात ‘ध’चा ‘मा’ झाला म्हणतात आणि एका पेशव्याचा जीव गेला. चिनी पाटीने फार तर कोणाचा तोल घालवला असेल.

दुसरे उदाहरण द्यायला मी जरा कचरतो, कारण हा अंक घरातली मुलेही वाचतात. चीनमधल्या काही दुकानांत सुक्या मेव्याच्या, सुक्या भाजीच्या वर्गवारीवर एक इंग्रजी शब्द झळकत असे. तो सभ्य घरात उच्चारता येत नाही एवढे सांगितले की पुरे. हसणाऱ्यांना वाटले, दुकानदार एक तर निर्लज्ज तरी असला पाहिजे किंवा अडाणी तरी. खरा प्रकार असा. जुन्या लिपीत ‘सुके’ याचे अक्षर वेगळे होते, ‘करणे’ याचे वेगळे. पुढे साक्षरतेसाठी लिपी सोपी करायची ठरले. १९५६ साली सुलभ अक्षरांची योजना जाहीर झाली, आणि या दोन्ही शब्दांचा संसार ‘गान’ या दोन आडव्या व एका उभ्या रेघेच्या एकाच अक्षरात थाटला गेला. त्यातल्या ‘करणे’ला बाजारू बोलीत जो आणखी एक अर्थ आहे, तो भाषांतर करणाऱ्या एका लोकप्रिय संगणकी कोशाने पहिल्या पानावर आणून बसवला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चिनी शिकवणारे प्राध्यापक व्हिक्टर मेअर यांनी २००७ साली याचा छडा लावून सगळे सविस्तर लिहिले. दुकानदाराचा अपराध एवढाच, की छापील शब्दावर त्याने विश्वास ठेवला. आपण सगळेच ठेवतो.

असला अपघात आपल्या भाषेत होणार नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने होळीच्या दिवशी आपल्या घरची ‘कटाची आमटी’ यंत्रात घालून पाहावी. पुरणाची डाळ निथळून जे पाणी उरते तो कट. परंतु यंत्राला स्वयंपाकघर ठाऊक नाही, त्याला वर्तमानपत्र ठाऊक आहे. आणि वर्तमानपत्रात कट शिजतो तो निराळाच. ‘कॉन्स्पिरसी करी’ अशी पाटी पुण्याच्या एखाद्या भोजनगृहात लागली आणि शांघायच्या प्रवाशांनी तिचे छायाचित्र आपल्या सणाला फिरवले, तर आमचे मेहुणे काय म्हणतील? म्हणतील, “त्यांना आमची संस्कृती कळत नाही.” अगदी बरोबर म्हणतील.

गवताच्या पाटीबद्दल तर मला खरोखर राग आहे, कारण तिच्यात चूक कुठली तेच मला दिसत नाही. चीनमधल्या बागांतून हिरवळीवर अशा गोड पाट्या लावण्याची रीतच आहे: गवत हसते आहे, कृपया बाजूने जा, गवत झोपले आहे, त्याला उठवू नका. ज्याने हे इंग्रजीत उतरवले त्याने प्रामाणिकपणे उतरवले. आमच्या उद्यानात काय लिहिलेले असते? ‘हिरवळीवर चालू नये. दंड होईल.’ आणि त्याच पाटीला टेकून चार जण हिरवळीवर बसून शेंगा खात असतात. आता असभ्य पाटी कोणती आणि सभ्य कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

चीनमध्येच एका भोजनगृहाच्या दारावर चिनी नावाखाली मोठ्या अक्षरांत ‘ट्रान्सलेट सर्व्हर एरर’ असे रंगवलेले होते. ते छायाचित्र २००८च्या सुमारास सगळ्या जगाने पाहिले. मालकाने ‘भोजनगृह’ हा शब्द यंत्राला दिला, यंत्र त्या क्षणी बंद होते, आणि यंत्राने दिलेली माफी मालकाने उत्तर समजून दारावर लावली. हसू येते, मलाही आले. पण त्याच २००८ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात काय झाले तेही त्याच दमात सांगायला हवे. अवजड वाहनांना बंदी असल्याची पाटी इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत लावायची, म्हणून नगरपालिकेने इंग्रजी मजकूर भाषांतरकाराकडे धाडला. उलट टपाली वेल्श मजकूर आला. पाटी रंगवून रस्त्यावर उभी राहिली. तिच्यावर वेल्शमध्ये लिहिले होते: ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम असल्यास पाठवून द्यावे.’ आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या नियतकालिकाने चीनवर विशेष अंक काढला आणि मुखपृष्ठावर शोभेसाठी देखणी चिनी अक्षरे छापली. तज्ज्ञाला दाखवून छापली होती. ती निघाली एका रंगेल नाचगृहाची जाहिरात! मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या त्या संस्थेला क्षमा मागून मुखपृष्ठ बदलावे लागले.

या दोन गोष्टी आमच्या मेहुण्यांना ठाऊक नव्हत्या. का नव्हत्या? स्वान्सीच्या पाटीला हसायचे तर वेल्श यावी लागते, जर्मन मुखपृष्ठाला हसायचे तर चिनी यावी लागते. चिनी पाटीला हसायला मात्र फक्त इंग्रजी पुरते, आणि तेवढी आपल्याला येते असा आपला समज आहे.

बरे, ज्या इंग्रजीच्या पावित्र्यासाठी आपण इतके हळवे होतो, ती इंग्रजी स्वतः किती सोवळी आहे? तोंड दाखवायला जागा न उरणे याला इंग्रज ‘लूज फेस’ म्हणतो. ते चिनीचे शब्दशः भाषांतर आहे. ‘ब्रेनवॉश’ तसेच, चिनीत ‘मेंदू धुणे’ म्हणत, ते १९५०च्या सुमारास जसेच्या तसे इंग्रजीत आले. कागदी वाघही तिकडचाच. तो तर इंग्रजीच्या पाठीवर बसून मराठीतही आला आणि आपण त्याला अग्रलेखांतून चारापाणी घालतो. हाँगकाँगमधले लोक एखाद्याला हुरूप द्यायचा तर ‘अ‍ॅड ऑइल’, तेल घाल, असे इंग्रजीत म्हणत. त्यालाही लोक हसतच होते. २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशाने तो प्रयोग दाखल करून घेतला आणि हसणे थांबले. आपल्याकडे तेल ओतणारा माणूस भांडण लावणारा ठरतो, हा दिव्याच्या सणातला एक वेगळा विषय आहे, तो सोडतो.

इथे कोणी म्हणेल, मग काय, चुका तशाच ठेवायच्या? मुळीच नाही. बीजिंगमध्ये निरनिराळ्या जनसमूहांची घरे, पोशाख, चालीरीती दाखवणारे एक मोठे उद्यान आहे. त्याच्या दिशादर्शक पाटीवर एके काळी ‘रेसिस्ट पार्क’ असे लिहिले होते, म्हणजे वंशद्वेष्ट्यांची बाग. अपंगांसाठी राखलेल्या शौचगृहावर ‘डिफॉर्म्ड मॅन’ असे लिहिलेले असे. ज्या पाटीने माणसाचा अपमान होतो किंवा जीव धोक्यात येतो ती पुसलीच पाहिजे, आणि चिनी लोकांनी ती पुसली. २००८च्या ऑलिंपिकपूर्वी बीजिंगने कंबर कसली. २०१०च्या जागतिक प्रदर्शनापूर्वी शांघायने दहा हजारांहून अधिक पाट्या दुरुस्त केल्या. आणि १ डिसेंबर २०१७ पासून सार्वजनिक जागी इंग्रजी कसे लिहावे याचे राष्ट्रीय प्रमाणच तेथे लागू झाले. आपल्या मेहुण्यांची छायाचित्रे जुनी का, याचे एक कारण हेही आहे. ज्यांना आपण वर्षानुवर्षे हसतो आहोत, त्यांनी दरम्यान अभ्यास केला. आपण आपल्या मराठी पाट्यांचा कधी केला? रस्ता खणलेला असला की पूर्वी ‘काम चालू, रस्ता बंद’ असे लिहीत. चार शब्द, सगळ्यांना समजणारे. आता ‘कार्य प्रगतीपथावर आहे’ असे लिहितात. हे इंग्रजीचे प्रेत मराठी कफनात गुंडाळलेले आहे, पण त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

उलट पक्षीही एक मंडळी आहेत. ओलिव्हर राट्के नावाच्या जर्मन गृहस्थांनी २००७ साली अशा पाट्यांच्या छायाचित्रांचे पुस्तकच काढले, आणि या पाट्या पुसू नयेत, हा एक ठेवा आहे, असा त्यांचा आग्रह. माणूस चिनी शिकलेला आहे, हेतूही प्रेमाचा आहे, म्हणून मी जपून बोलतो. पण दुसऱ्याची चूक आपल्याला गोड वाटते म्हणून त्याने ती करत राहावी, हे प्रेम मला आजोबांच्या प्रेमासारखे वाटते. नातवाचे बोबडे बोल त्यांना इतके आवडतात की तो शाळेत गेला तरी त्यांना चालत नाही.

माझा जीव अडकतो तो पदार्थांच्या नावांत. ऑलिंपिकच्या निमित्ताने बीजिंगच्या अधिकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक खाद्यपदार्थांची शुद्ध इंग्रजी नावे ठरवून दिली. त्यात ‘लाल शिजवलेले सिंहाचे डोके’ गेले आणि मांसाचे गोळे आले. सिंह नव्हताच म्हणा. मोठ्या गोळ्याभोवती कोबीची पाने आयाळीसारखी दिसतात म्हणून ते नाव. पण नाव म्हणजे काही सामानाची यादी नव्हे. फोडणीच्या पोळीला आमच्या आजोळी ‘माणिकपैंजण’ म्हणत. त्यात माणिकही नसे आणि पैंजणही नसे, आदल्या रात्रीच्या पोळ्या असत. आणि त्या शिळ्या आहेत हे विसरायला लावणे हेच त्या नावाचे काम होते.

आता त्या नवराबायकोच्या फुफ्फुसाकडे येतो, कारण मेहुण्यांची सगळ्यांत मोठी टाळी तिथे होती. तो पदार्थ चेंगडूचा. चेंगडू ही सिचुआन प्रांताची राजधानी. या सिचुआनचे जुन्या इंग्रजी लेखनातले स्पेलिंग मुंबईने आपल्या पद्धतीने वाचले आणि ‘शेजवान’ केले. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर लाल चटणी मिळते ती ही. चेंगडूत ती कोणी ओळखणार नाही. मंचुरियनची तर गोष्टच वेगळी. ते १९७५ साली मुंबईत नेल्सन वाँग यांच्या हातून जन्मले आणि मंचुरियाला त्याचा पत्ता नाही. चेंगडूचा खरा पदार्थ गरिबीतला आहे. १९३०च्या दशकात तेथे एक जोडपे गाईबैलाचे टाकाऊ भाग स्वस्तात आणून, शिजवून, पातळ काप करून, तिखटजाळ तेलात घोळवून रस्त्यावर विकत असे. टाकाऊ याला चिनी शब्द ‘फेइ’, फुफ्फुसालाही ‘फेइ’. उच्चार एकच, अक्षर वेगळे. टाकाऊ हा शब्द ताटात बरा दिसेना, म्हणून त्या जागी फुफ्फुस आले आणि नाव पडले ‘फूची फेइप्येन’: नवराबायकोचे फेइचे काप. एका जोडप्याच्या संसाराचे ते नाव आहे. त्याच गावची ‘मापो’ घ्या: एकोणिसाव्या शतकातली, तोंडावर देवीचे वण असलेली एक बाई, तिच्या हातचा टोफू इतका चविष्ट, की तिचे वणही त्या पदार्थाच्या नावात अमर झाले. इंग्रजीत ‘वणांच्या म्हातारीचा टोफू’ असे लिहिले की आपण हसतो. ती म्हातारी मात्र त्यात आहे.

२०१९ साली माझी मुलगी नोकरीनिमित्त शांघायला असताना मी तिच्याकडे दोन महिने राहिलो, आणि आम्ही दोघे चार दिवस चेंगडूला जाऊन आलो. तिथल्या एका गल्लीत पाच बाकांची खाणावळ होती. आत नवरा कढईपाशी, बाहेर बायको, साठीची असेल. तिने आमच्यापुढे इंग्रजी यादी ठेवली. नातवाने फोनवर भाषांतर करून छापून दिली होती, हे ती मोठ्या कौतुकाने मुलीला सांगत होती. मी यादी वाचत गेलो, ‘हजबंड अँड वाइफ लंग स्लाइस’ आले, आणि मी हसलो. होय, मीच. मोठ्याने हसलो. त्या बाईला वाटले पाहुणे खूश झाले; तीही हसली, बोटाने आधी स्वतःकडे, मग आत कढईकडे दाखवू लागली. मग माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसले कोण जाणे, तिचे हसू थांबले. तिने मुलीला विचारले, इंग्रजी चुकले आहे का?

मुलीने चुकले म्हणून सांगितले. बाई म्हणाली, फुफ्फुस तर आम्ही त्यात कधीच घालत नाही, ते खोडाच. माझ्यापुढे पेन आले. आम्ही शाकाहारी, पदार्थ चाखण्याचा प्रश्नच नव्हता. पण इंग्रजी सुधारण्याची संधी मी सोडीन थोडाच? मी ती ओळ खोडून वर सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘स्लाइस्ड बीफ इन चिली ऑइल’. बिनचूक. बाईने आभार मानले, यादी उजेडाकडे धरली, माझे शब्द बोटाने एकेक करून मोजले. मग मुलीला काहीतरी विचारले.

“काय म्हणतात?” मी म्हटले.

“बाबा, त्या विचारताहेत, यात नवराबायको कुठे आहेत?”

मी पेन परत मागून घेतले.